गिधाडांचं गणित आणि अधिकाऱ्याची सही

(एपिसोडची लेखी आवृत्ती. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलं आहे.)



आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. फोनवरचं कॅल्क्युलेटर उघडा आणि फोन आडवा धरा, म्हणजे घात काढायचं बटण दिसेल. आता ०.९९५ लिहा आणि त्याचा १२२ वा घात काढा. उत्तर साधारण ०.५४ येईल.

हा एका गिधाडाचा एका वर्षाचा हिशोब आहे. तो नीट कळला की आजचा निम्मा एपिसोड कळला. उरलेला निम्मा मात्र अवघड आहे, कारण तो माणसांबद्दल आहे. एखादं रसायन बाजारात येऊ द्यायचं की नाही, यावर सही करणारा अधिकारी असा हिशोब कधी मान्य करतो आणि कधी बाजूला ठेवतो, हा आजचा विषय.

गावाबाहेरचं आकाश

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारून बघा. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची एक जागा असायची. बैल मेला की थोड्या वेळात आकाशात घिरट्या सुरू व्हायच्या, आणि बघता बघता सांगाडा उरायचा. हे काम करणारी गिधाडं आपल्याकडे इतकी होती की त्यांच्याकडे कुणी फार लक्षही देत नसे.

मग १९९० च्या दशकात ती दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे विभू प्रकाश गिधाडांची नोंद ठेवत होते. त्यांच्या लक्षात आलं की घरटी रिकामी पडतायत आणि पक्षी मान खाली टाकून बसलेले दिसतायत, मरतायत. पुढच्या सर्वेक्षणांतून आकडा आला तो असा: १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातलं एक उरलं.

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला याची झळ थेट बसली. दख्म्यातल्या अंत्यविधीसाठी गिधाडंच उरली नाहीत, म्हणून सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. इकडे उघड्यावर सडणाऱ्या जनावरांवर भटकी कुत्री वाढली. २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे ५ लाख जास्तीची माणसं दगावली. अंदाज आहे, पण त्यामागचा हिशोब गांभीर्याने केलेला आहे.

कारण काय होतं? सुरुवातीला विषाणूचा संशय होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून दाखवून दिलं की दोषी आहे डायक्लोफेनॅक. हो, तेच, कंबर दुखली की आपण जे जेल चोळतो त्यातलं. जनावरांनाही ते दुखण्यावर, सुजेवर टोचलं जायचं. टोचल्यावर थोड्या दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं आणि आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचे पांढरे थर जमायचे.

"पण एवढं थोडं औषध?"

इथे एक अगदी रास्त शंका होती, आणि तुम्ही अधिकारी असता तर तुम्हीही ती काढली असती. देशात मरणाऱ्या जनावरांपैकी मरायच्या आदल्या दोन-चार दिवसांत डायक्लोफेनॅक मिळालेली अशी किती असणार? शंभरातलं एखादं? मग तेवढ्याने उपखंडातली गिधाडं कशी संपतील?

प्रयोगशाळा या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. ती सांगते की एवढ्या डोसला एक गिधाड मरतं. एका पक्ष्याच्या मरणापासून लाखोंच्या घटीपर्यंत जायला मधे एक पूल लागतो. त्या पुलालाच परिसंस्थेचं मॉडेल म्हणतात, इथे नेमकं सांगायचं तर लोकसंख्येचं मॉडेल. नाव भारदस्त आहे, काम साधं: किती जन्मतात, किती मरतात, कधी आणि कशामुळे, याचा शिस्तीत मांडलेला हिशोब.

आता आपल्या आकड्याकडे या. समजा गिधाड दर तीन दिवसांनी पोटभर खातं. म्हणजे वर्षाला १२२ जेवणं. समजा दर २०० मढ्यांपैकी फक्त एकात मारक इतकं औषध आहे. एका जेवणातून वाचायची शक्यता ०.९९५, म्हणजे जवळपास शंभर टक्के. पण अशी १२२ जेवणं एकामागून एक वाचायला हवीत. म्हणून ०.९९५ चा १२२ वा घात, म्हणजे ०.५४. शंभर गिधाडांतली ५४ वर्षअखेरीस जिवंत. दुसऱ्या वर्षी २९, तिसऱ्या वर्षी १६. पाचव्या वर्षी पाचसुद्धा धड नाहीत.

आणि भरपाई? गिधाडाची जोडी वर्षाला एक अंडं घालते, आणि पिल्लू स्वतः जोडी जमवण्याइतकं मोठं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. प्रमाण २०० ऐवजी २,००० मढ्यांत एक इतकं खाली आणा, तरी वर्षाला सहा टक्के जास्तीची मरतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला तेही झेपणं कठीण.

हा मी तुमच्यासाठी सोपा केलेला हिशोब आहे. खरं मॉडेल केंब्रिजचे ऱ्हिस ग्रीन आणि भारत-पाकिस्तानातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात नैसर्गिक मृत्यू, वय, प्रजनन, दोन जेवणांमधलं अंतर, सगळं वेगवेगळं धरून पाहिलं होतं. निष्कर्ष असा की दिसलेली घट व्हायला फक्त ०.१३ ते ०.७५ टक्के मढ्यांत मारक प्रमाणात औषध असणं पुरेसं आहे. म्हणजे १३० ते ७६० मढ्यांमागे एक.

मॉडेलने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. त्याने तपासता येईल असा दावा केला: "हेच मुख्य कारण असेल, तर मेलेल्या पक्ष्यांपैकी अमुक एवढ्यांच्या पोटात ते पांढरे थर सापडायला हवेत." ते सापडले. पुढे भारतातल्या अनेक राज्यांतून जनावरांच्या यकृताचे अठराशेहून जास्त नमुने तपासले, तेव्हा सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफेनॅक निघालं. प्रत्येक नमुन्यातलं प्रमाण मारक नव्हतं हे खरं, पण मॉडेलला जेवढं लागत होतं त्याच्या कितीतरी पट ते होतं.

२००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. त्याच वर्षी मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं प्रयोगातून पुढे आलं होतं, त्यामुळे शेतकऱ्याला पर्यायही मिळाला.

ऐकायला किती छान वाटतं ना? मॉडेल आलं, सरकारने ऐकलं, बंदी आली. पण थांबा.

तेच औषध, तेच गणित, दुसरा देश

२०१३ मध्ये स्पेनने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. होय, २०१३. भारतात बंदी येऊन सात वर्षं झाल्यावर. आणि युरोपातली बहुतेक सगळी गिधाडं स्पेनमध्येच राहतात.

ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा हिशोब मांडला, या वेळी स्पेनच्या आकड्यांवर. २०१६ मध्ये तो छापून आला: वर्षाला ७१५ ते ६,३८९ ग्रिफन गिधाडं मरू शकतील, आणि संख्या दरवर्षी साधारण १ ते ८ टक्क्यांनी घटू शकेल. त्याआधी २०१४ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनेही मान्य केलं होतं की गिधाडांना धोका असू शकतो. उपाय कोणते करायचे हे मात्र देशांवर सोपवलं गेलं, आणि औषध बाजारात राहिलं. २०२० मध्ये कॅटलोनियात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू मेलेलं सापडलं. तपासणीत डायक्लोफेनॅक निघालं.

आता मला सांगा, दोन्हीकडे शास्त्र तेच, गणित तेच, शास्त्रज्ञसुद्धा तेच. मग एका ठिकाणी सही झाली आणि दुसरीकडे का नाही?

माझं उत्तर कडू आहे. भारतात मॉडेल मान्य झालं तेव्हा ते भविष्य सांगतच नव्हतं. पक्षी आधीच मेले होते आणि मॉडेल फक्त कारण सांगत होतं. स्पेनमध्ये मॉडेल खरंच भविष्य सांगत होतं. पक्षी जिवंत होते, मढी विल्हेवाटीच्या नियमांखाली होती, आणि "१ ते ८ टक्के" एवढा रुंद अंदाज टेबलावर होता. नको असलेल्या माणसाला त्यातला १ दिसतो, घाबरलेल्याला ८ दिसतो.

आणि मॉडेल तर भविष्यासाठीच बनवतात! मेल्यानंतर मोजायला सर्वेक्षण पुरतं. म्हणून प्रश्न असा आहे: कुणी मरायच्या आधी, नुसत्या हिशोबावर विश्वास ठेवून अधिकारी सही करेल, यासाठी काय लागतं?

अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा

अधिकाऱ्याला खलनायक करणं सोपं आहे, पण जरा त्या खुर्चीत बसा. समोर कंपनीची हजारो पानांची फाइल आहे. मुदत आहे. उद्या कोर्टात विचारणा झाली तर "का मंजूर केलं" किंवा "का नाकारलं" याचं उत्तर तुम्हाला द्यायचं आहे. जुनी पद्धत साधी आहे. युरोपातल्या कीटकनाशकांचं उदाहरण घ्या. प्रयोगशाळेत ठरावीक तासांत निम्मे मासे मारणारं प्रमाण काढायचं. ओढ्यात येऊ शकणारं प्रमाण त्याच्या शंभरावा भाग किंवा त्याहून कमी असेल तर पास. भागाकार कुणालाही तपासता येतो.

आता कुणीतरी येऊन म्हणतं, "सर, शंभराने भागू नका, माझ्या प्रोग्रॅमने काढलेलं उत्तर घ्या." आत शंभर गृहीतकं आहेत. प्रोग्रॅम कुणी लिहिला? अनेकदा ज्या कंपनीला परवाना हवा तिच्याच पैशातून. एक गृहीतक हलवलं की उत्तर किती हलतं? तुम्ही असता तर सही केली असती का? मी तरी नसती केली.

युरोपातल्या मॉडेल बनवणाऱ्या मंडळींना हे हळूहळू उमगलं. २००६ मध्ये जर्मनीचे फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी मॉडेलचं वर्णन कसं लिहायचं याचा एक ठरलेला साचा सुचवला. आपल्याकडे पाककृतीत आधी साहित्य, मग कृती असते ना, तसं: मॉडेल कशासाठी आहे, त्यात कोण कोण आहे, काय आधी घडतं, काय नंतर. त्यामुळे वाचणाऱ्याला कुठे काय शोधायचं ते कळतं. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे एफ्साने, चांगल्या मॉडेलकडून आपल्या काय अपेक्षा आहेत हे लिहून जाहीर केलं. म्हणजे परीक्षेच्या आधी अभ्यासक्रम मिळाला.

एक पास, एक थांबलेलं

मग २०१८ मध्ये एक मॉडेल पास झालं. त्याचं नाव गट्स. ते सोडवतं ती अडचण ऐका. प्रयोगशाळेत मासा चार दिवस एकसारख्या विषात असतो. खऱ्या ओढ्यात तसं नसतं. फवारणी होते, पाऊस पडतो, एक लाट येते, काही तासांत वाहून जाते, आठवड्याने पुन्हा येते. दोन लाटांच्या मधे माशाला सावरायला वेळ मिळतो का? गट्स हेच मोजतं: शरीरात किती गेलं, किती बाहेर पडलं, इजा किती साचली आणि किती भरून निघाली.

त्याला होकार मिळाला तो का, ते बघा. ते लहान आहे, एका प्राण्याच्या जगण्या-मरण्यापुरतं. त्याला लागणारी माहिती बहुतांशी त्याच जुन्या चाचण्यांतून येते. ज्या प्रयोगावर ते बेतलं, त्याहून वेगळ्या प्रयोगावर ते तपासावं लागतं. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून तेच उत्तर येतं का हेही ताडून पाहिलं गेलं. आणि उत्तर अधिकाऱ्याच्या ओळखीच्या भाषेत येतं: हे प्रदूषण किती पट वाढवलं तर निम्मे जीव मरतील?

त्याच अहवालात डकवीड या पाणवनस्पतीचं मॉडेलही वापरायला तयार ठरलं. वाढ आणि प्रजननावरचा परिणाम सांगणारं आणखी एक, जास्त गुंतागुंतीचं मॉडेल मात्र "अजून नाही" म्हणून थांबवलं.

आता मधमाश्या. २०१४ मध्ये बीहेव्ह नावाचं मॉडेल आलं. अख्खं पोळं त्यात आहे: राणी, अंडी, कामकरी माश्या, फुलं, हवामान, व्हॅरोआ माइट. सुंदर काम. २०१५ मध्ये एफ्साने ते तपासलं आणि म्हटलं, पोळ्याचं जीवशास्त्र चांगलं बसलंय, पण यात कीटकनाशकाचा भागच नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर सही करायची तोच प्रश्न मॉडेलला विचारता येत नाही. वापर अडला.

पण गंमत बघा, ते वाया गेलं नाही. पोळ्याचं नुकसान किती चालवून घ्यायचं हे युरोपला ठरवायचं होतं. त्यासाठी आधी कळायला हवं की कीटकनाशक नसतानाही पोळं किती लहानमोठं होतं. तो हिशोब बीहेव्हने करता आला. २०२१ मध्ये युरोपच्या कृषिमंत्र्यांनी १० टक्क्यांची मर्यादा मान्य केली. त्या चर्चेत मॉडेलचं उत्तर टेबलावर होतं, कारण या वेळी प्रश्न आधी ठरला होता आणि मॉडेलला त्याचं उत्तर देता येत होतं.

मग धडा काय?

मला जे कळलं ते इतकंच. मॉडेल अचूक असणं गरजेचं आहे, पण तेवढ्यावर सही होत नाही. सही करणाऱ्याला तीन गोष्टी लागतात. एक, माझ्यासमोर जो प्रश्न आहे त्याचंच उत्तर हवं. दोन, मला किंवा माझ्या माणसाला ते पुन्हा करून बघता यायला हवं. तीन, "किती नुकसान म्हणजे जास्त" हे आधी ठरलेलं हवं. तिसरी गोष्ट शास्त्रज्ञ ठरवू शकत नाही. ती समाजाने, सरकारने ठरवायची असते. स्पेनमध्ये गिधाडांची वर्षाला किती टक्के घट चालवून घ्यायची हे आधी ठरलेलं असतं, तर "१ ते ८" हा अंदाज रुंद असूनही उत्तर मिळालं असतं. जपायचा प्राणी असेल आणि शून्य घटच चालणार असेल, तर त्या अंदाजाचं खालचं टोकसुद्धा नापास आहे!

आणि उशिराची किंमत? ती आपण भारतात पुन्हा मोजली. केटोप्रोफेन हे तसंच दुसरं वेदनाशामक. ते गिधाडांना मारतं हे २०१० च्या सुमाराला प्रसिद्ध झालं होतं. जनावरांसाठी त्यावर आणि अ‍ॅसेक्लोफेनॅकवर देशभर बंदी आली २०२३ मध्ये. मधली तेरा वर्षं ०.९९५ सारख्या आकड्यांच्या हवाली होती. डायक्लोफेनॅकची बंदीसुद्धा कागदावर पुरली नाही. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसपुरतं मर्यादित करावं लागलं.

रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला, फणसाडच्या जंगलात अजून थोडी गिधाडं आहेत. ती किती उरतील हे त्यांच्या वर्षभराच्या जेवणांपैकी एकही विषारी निघतं का यावर ठरणार आहे.

म्हणून दोन गोष्टी. घरी गाय-बैल असतील आणि डॉक्टर दुखण्याचं इंजेक्शन देत असतील, तर विचारा, "डॉक्टर, मेलोक्सिकॅम चालेल का?" हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. आणि तुमच्यापैकी जे डेटा सायन्स, स्टॅटिस्टिक्स, प्राणिशास्त्र शिकतायत, त्यांना सांगणं की तुमचं मॉडेल करायला घ्यायच्या आधी एकदा विचार करा, यावर सही कोण करणार आहे, आणि त्या माणसाला नेमकं काय ठरवायचंय? कोड त्यानंतर लिहा.

कॅल्क्युलेटर अजून उघडं असेल तर शेवटचं एक. ०.९९५ ऐवजी १ लिहा. १ चा १२२ वा घात काढा.

उत्तर पाठ आहेच. गिधाडाला तेवढंच हवंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.